पाण्याचा काटा मध्यावरच होता

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका दुपारी आमची दहा चाकी गाडी १८ टन सळई भरून जालन्याहून लातूरला निघाली होती. अंबड, वडीगोद्री, शहागडजवळचा गोदावरीचा पूल, गेवराई आणि बीड हा रस्ता आमच्या पायाखालचा आहे. बीड सोडल्यावर पालीच्या पुढे मांजरसुंब्याचा घाट लागतो आणि त्या घाटाच्या मध्यावर गाडीचा दम गेला. इंजिनातून ठोका येऊ लागला, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून, धूर निघू लागला आणि आबांनी गाडी कडेला घेऊन मला फोन केला. आबा आमच्याकडे बावीस वर्षांपासून गाडी चालवतात. त्यांचे पहिले वाक्य मला अजून आठवते : "दादा, पाण्याचा काटा मधीच होता बघा. गाडी गरम झालीच न्हाई."

आबा खरेच सांगत होते. जालन्यात इंजिन उघडले तेव्हा पाचव्या सिलिंडरच्या पिस्टनची वरची कड मेणासारखी वितळलेली होती, ते ॲल्युमिनियम लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, फासले गेले होते आणि बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या शाफ्टवर जळालेल्या ऑइलचा काळा, टणक थर जमला होता. कारणे शोधताना दोन गोष्टी हाती लागल्या. आदल्या वर्षी एका गॅरेजमध्ये पिकअप वाढावा म्हणून इंजिनाच्या डिझेल पंपावर डिझेलची मात्रा वाढवून दिलेली होती, आणि टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होसला, म्हणजे नळीला, क्लिपजवळ बोटभर चीर पडलेली होती. म्हणजे इंजिनात डिझेल नेहमीपेक्षा जास्त आणि हवा नेहमीपेक्षा कमी जात होती. ही आग किती तापते आहे हे दाखवणारे काहीही केबिनमध्ये नव्हते. बोअर-पिस्टनचे काम पूर्ण होण्याआधीच मी ठरवले की गाडी पुन्हा रस्त्यावर येईल ती एक्झॉस्टचा, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा, तापमापक लावूनच.

पाण्याचा मीटर खोटे बोलत नाही, पण तो उशिरा बोलतो आणि वेगळ्याच गोष्टीविषयी बोलतो. रेडिएटर, ब्लॉक आणि हेड यांतून फिरणारे पाणी तापायला वेळ लागतो, थर्मोस्टॅट आणि पंखा ते एका पातळीवर धरून ठेवतात, आणि पिस्टनच्या माथ्यावर काय चालले आहे याची खबर त्या पाण्यापर्यंत पोहोचेपर्यंत घाटाची दोन-तीन वळणे मागे पडलेली असतात. सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान मात्र ॲक्सिलेटरवरचा पाय हलला की काही सेकंदांत बदलते.

डिझेल इंजिनात हे का घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे प्रमाण जवळजवळ ठरलेले असते. डिझेल इंजिनात हवा अडवली जात नाही, जेवढी मिळेल तेवढी आत येते, आणि ताकद कमीजास्त होते ती फक्त डिझेलच्या मात्रेने. त्यामुळे तेवढ्याच हवेत जितके जास्त डिझेल, तितका वायू जास्त तापतो. हवा कमी पडली तरी परिणाम तोच होतो. फिल्टर चोंदला, होस फाटला, टर्बो थकला, नोझल नीट फवारेनासे झाले, पंपाचे टायमिंग मागे गेले किंवा चालकाने वरच्याच गिअरमध्ये गाडी ओढत ठेवली, तर या साऱ्याचा हिशोब शेवटी एकाच आकड्यात उतरतो. आपल्याकडे त्यात उन्हाळ्याची भर पडते. ४३ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी विरळ असते, आणि मराठवाड्याचे पठार समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंच असल्यामुळे जवळजवळ तितकीच घट आणखी होते. टर्बो त्यातली काही भरपाई करतो, पण सगळी नाही.

टर्बोच्या आधी मोजलेले तापमान बराच वेळ ७०० अंश सेल्सिअसच्या वर राहू देऊ नये, असा जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांविषयीचा सर्वमान्य अंदाज आहे. पिस्टनचे ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रण ५७७ अंशांच्या आसपास वितळू लागते, म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवले की माणूस गोंधळतो. परंतु वायूचे तापमान म्हणजे पिस्टनचे तापमान नव्हे. पिस्टन आपली उष्णता रिंगांमार्फत लायनरला आणि खालून उडणाऱ्या ऑइलला सतत देत असतो, म्हणून तो वायूपेक्षा बराच थंड राहतो. जास्त तापलेला वायू मिनिटामागून मिनिट मिळत राहिला की हे देणेघेणे कमी पडते आणि माथ्याची कड आधी जाते. आमच्या पाचव्या पिस्टनचे तेच झाले.

मापक म्हणून के-टाइप थर्मोकपल घ्यायचे हे ठरलेलेच होते. दोन वेगळ्या धातूंच्या तारांचे टोक जोडून ते तापवले की दुसऱ्या टोकाशी किंचित विद्युतदाब मिळतो, हे जर्मन शास्त्रज्ञ सीबेक यांनी १८२१ मध्ये पाहिले, आणि हे मापक आजही त्याच तत्त्वावर चालते. के-टाइपमध्ये एक तार क्रोमेलची आणि दुसरी ॲल्युमेलची, दोन्ही मुख्यतः निकेलच्या. जालन्यात ही वस्तू शोधायला दूर जावे लागत नाही. सळईच्या रोलिंग मिलच्या भट्ट्यांना थर्मोकपल लागतात, त्यामुळे मिलला माल पुरवणाऱ्या दुकानात प्रोबही, म्हणजे वायूत घालायची मापकाची सळीही, मिळाला आणि त्याची केबलही. प्रोब मी ६ मिलिमीटर जाडीचा, उष्णता सोसणाऱ्या इनकोनेल धातूच्या आवरणाचा आणि आतले टोक आवरणाला न टेकलेला असा निवडला. बारीक प्रोब लवकर प्रतिसाद देतो हे खरे, पण ट्रकच्या मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांतला वायू गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या भागातला, थरथराट पाहता मला काही सेकंदांची चपळाई सोडून मजबुती हवी होती.

प्रोब कुठे बसवायचा यावर उस्तादांशी माझा बराच वेळ वाद झाला. उस्ताद जालन्यातले जुने डिझेल मिस्त्री आहेत आणि त्यांच्या हाताविषयी मला शंका नाही. त्यांचे म्हणणे होते की प्रोब टर्बोच्या पुढे, सायलेन्सरच्या पाइपात लावावा. "उद्या टोक तुटलं तर टर्बोत जाईल, मग मला बोलू नका," असे त्यांनी बजावले. भीती रास्त आहे. टर्बाइन मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेते आणि त्यात तांदळाएवढा तुकडा गेला तरी पाती जातात. तरीही मी टर्बोच्या आधीच बसवण्याचा आग्रह धरला. वायू टर्बाइनमधून जाताना आपली ऊर्जा देऊन थंड होतो, आणि हा फरक ठरावीक नसतो. रिकाम्या गाडीत तो थोडा असतो, भरलेल्या गाडीने घाट चढताना शंभर-दीडशे अंश किंवा त्याहूनही अधिक होतो. म्हणजे ज्या क्षणी खरा आकडा हवा, नेमक्या त्याच क्षणी टर्बोपुढचा मीटर सर्वांत जास्त दिलासा देतो. जाड आवरणाचा प्रोब घेऊन तो वर्षातून एकदा काढून तपासायचा, या अटीवर उस्तादांनी ऐकले.

आमच्या इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये पुढच्या तीन आणि मागच्या तीन सिलिंडरांचे मार्ग टर्बोच्या फ्लँजपर्यंत वेगळे राहतात, त्यामुळे एक प्रोब तीनच सिलिंडर पाहू शकतो. आम्ही मागचा मार्ग निवडला. इंजिनाला पाणी पुढून मिळते आणि मागच्या सिलिंडरांपर्यंत ते तापून पोहोचते, शिवाय वितळलेला पिस्टनही मागच्याच तिघांतला होता. तिन्ही मार्ग एकत्र येतात त्याच्या थोडे पुढे, जिथे बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जाडी चांगली आहे आणि जवळ कुठेही चीर नाही, अशी जागा खुणेने पक्की केली.

भोक पाडण्यासाठी मॅनिफोल्ड खाली उतरवायचा की जागेवरच ड्रिल चालवायचे, या प्रश्नावर मात्र मी कोणाचेही ऐकले नाही. पुष्कळ ठिकाणी ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावून, चुंबक फिरवून, इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलेटर न दाबता चालू, ठेवून जागेवरच भोक पाडतात आणि वायूच्या दाबाने कीस बाहेर पडतो असे मानतात. बीड धातूचा कीस गुंडाळ्यांचा नसतो, तो भुकटीसारखा बारीक असतो, त्यातला काही आत राहिला तर त्याची वाट टर्बाइनमधूनच जाते. आमचे इंजिन उघडलेलेच होते. मॅनिफोल्ड बाकावर घेऊन, पंच मारून, आधी ५ मिलिमीटरचे आणि मग ११ मिलिमीटरचे ड्रिल कमी वेगाने चालवले, आतून कानस फिरवून कड मोडली आणि पेट्रोलने दोनदा धुतले. ज्यांचे इंजिन उघडलेले नाही त्यांनीही नट गरम करून, स्टड न तोडता मॅनिफोल्ड उतरवण्याचा एक दिवस खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या पॅकिंगचा खर्च टर्बोच्या खर्चापुढे काहीच नाही.

आट्यांनी आमचा अर्धा दिवस घेतला. प्रोबसोबत आलेल्या फिटिंगवर पाव इंची एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाचे, आटे होते आणि टर्नरकडे आटे पाडायचा टॅप पाव इंची बीएसपीचा, म्हणजे ब्रिटिश मापाचा, होता, कारण आपल्याकडे पाइपाच्या कामात तोच चालतो. दोन्ही वरवर सारखे दिसतात, पहिले दोन वेढे बसतातही. परंतु एनपीटीला इंचात १८ आटे आणि ६० अंशांचा कोन, तर बीएसपीला १९ आटे आणि ५५ अंशांचा कोन. जबरदस्तीने बसवले तर वायू गळतो आणि पुढे थरथराटाने फिटिंग सैल होते. योग्य टॅप मिळेपर्यंत थांबलो ते बरे झाले. फिटिंगच्या आट्यांना निकेलची, उष्णता सोसणारी पेस्ट लावली, नाहीतर वर्षभराने ते बिडात चिकटून बसते. प्रोबचे टोक मार्गाच्या मधोमध यावे म्हणून मार्गाची रुंदी आधी मोजून ठेवली होती. टोक भिंतीजवळ राहिले तर थंड बीड त्याची उष्णता ओढून घेते आणि आकडा कमी दिसतो.

सर्वांत जास्त चुका तारांमध्ये होतात, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहितो. के-टाइप थर्मोकपल एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देते, म्हणजे ७०० अंशांवरही जेमतेम २९ मिलिव्होल्ट. ही तार साधी वायर नव्हे, मापनाचाच भाग आहे. प्रोबची मूळ तार इंजिनाजवळ संपते आणि तिथून केबिनपर्यंत त्याच जातीची केबल न्यावी लागते. दुकानात तिला कॉम्पेन्सेटिंग केबल म्हणतात. त्याऐवजी तांब्याची वायर जोडली तर जोड आणि मीटर यांच्या तापमानातला फरक आकड्यातून वजा होतो. इंजिनाजवळचा जोड ७० अंशांवर आणि डॅशबोर्ड ४० अंशांवर असेल, तर मीटर ३० अंश कमी दाखवतो.

याहून फसवी चूक उलट्या जोडणीची आहे. अमेरिकी पद्धतीच्या के-टाइप केबलमध्ये पिवळी तार धन आणि लाल तार ऋण असते, आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. आपल्या वायरमनला आयुष्यभर लाल म्हणजे धन ही सवय असते. आमच्या वायरमनने प्रोबच्या जोडावर लाल तार धन बाजूला लावली आणि मीटरवरही लाल तारच धन बाजूला लावली. दोन्हीकडे उलटे झाल्यामुळे काटा योग्य दिशेलाच चढत होता आणि सारे ठीक दिसत होते. प्रत्यक्षात अशा जोडणीत चूक दुप्पट होते, म्हणजे वरच्याच उदाहरणात ६० अंश कमी दिसतात. हे मला कळले ते एका साध्या युक्तीने. ॲल्युमेलची ऋण तार चुंबकाला किंचित चिकटते, क्रोमेलची चिकटत नाही. प्रोबच्या रंग नसलेल्या तारांना चुंबक लावून पाहिल्यावर चूक उघड झाली आणि दोन्ही टोके बदलून घेतली. आमचा मीटर इलेक्ट्रॉनिक असल्याने केबल हवी तेवढी कापता आली. काही जुने काट्याचे मीटर मात्र प्रोबच्याच विद्युतदाबावर चालतात आणि त्यांच्या तारेचा रोधही मोजमापात धरलेला असतो. त्यांची उरलेली तार कापू नये, गुंडाळून बांधावी.

विजेच्या जोडणीत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बाजारातले बहुतेक मीटर १२ व्होल्टचे असतात आणि ट्रकची व्यवस्था २४ व्होल्टची. दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून घेण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्याने एक बॅटरी सतत अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त भरून खराब होते. आम्ही २४ चे १२ व्होल्ट करणारा छोटा कन्व्हर्टर बसवला आणि त्याच्या आधी २ अँपिअरचा फ्यूज टाकला.

मॅनिफोल्ड चढवण्याआधी प्रोब तपासला. बर्फाच्या पाण्यात तो शून्याला टेकला, पण उकळत्या पाण्यात ९८ च्या पुढे जाईना. उस्ताद म्हणाले, दोन अंश खोटे आहे, बदलून आणा. प्रोब बरोबर होता. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच आहे आणि या उंचीवर पाणी उकळतेच ९८ अंशांच्या थोडे वर.

गाडी रस्त्यावर आल्यावर पहिल्या चार फेऱ्यांना मी स्वतः केबिनमध्ये बसलो आणि आकडे लिहून घेतले. आयडलवर १४० च्या आसपास, रिकाम्या गाडीत सपाट रस्त्यावर साडेतीनशे, भरलेल्या गाडीत साडेचारशे. हे आकडे आमच्या गाडीचे आहेत, दुसऱ्या गाडीला ते जसेच्या तसे लावू नयेत. मांजरसुंब्याच्या घाटात मात्र आम्हा दोघांनाही नवे काही शिकायला मिळाले. आबांची जुनी सवय अशी की गाडी चौथ्यात जाते आहे तोवर जाऊ द्यायची, कारण खालच्या गिअरमध्ये इंजिन जास्त फिरते आणि जास्त फिरणे म्हणजे जास्त तापणे. चौथ्यात इंजिन मिनिटाला १४०० फेऱ्यांवर ओढत होते आणि काटा ७१० ला पोहोचला. मी म्हणालो, "आबा, एकदा तिसऱ्यात घेऊन बघा." तिसऱ्यात फेरे २१०० झाले, आवाज वाढला आणि अर्ध्या मिनिटात काटा ६३० वर उतरला. फेरे वाढल्यावर टर्बो जास्त हवा देतो आणि प्रत्येक स्फोटाच्या वाट्याला येणारे डिझेल कमी होते. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. घाटमाथ्यावर आल्यावर म्हणाले, "इतकी वर्षं मी आवाजाला भ्यालो." पंपावरचे वाढवलेले डिझेल आम्ही त्यानंतर पूर्ववत करून घेतले. पिकअप थोडा गेला, पण चढावरचे आणखी ४० अंश कमी झाले.

गाडी बंद करण्याची वेळही आता काटा ठरवतो. घाट चढून मांजरसुंब्याच्या चौकात चहाला थांबले की लगेच चावी फिरवण्याची पद्धत होती. तापलेल्या टर्बोतले ऑइल त्याच क्षणी वाहायचे थांबते आणि बेअरिंगमध्ये जागेवर जळते. इंजिन उघडल्यावर दिसलेला काळा थर असाच वर्षानुवर्षे साचला होता. आता काटा १५० च्या जवळ आल्यावरच इंजिन बंद होते. त्याला कधी दोन मिनिटे लागतात, कधी पाच.

एप्रिल २०२० पासून आलेल्या, प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांच्या गाड्यांत मात्र असे भोक कोणीही पाडू नये. त्यांच्या एक्झॉस्टमध्ये कारखान्यातूनच तापमानाचे सेन्सर असतात, संगणक त्यांच्यावर धूर-शुद्धीकरणाचे सारे काम चालवतो, आणि ते आकडे निदानाच्या जोडणीतून वाचता येतात. मी लिहिले आहे ते आमच्यासारख्या जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांसाठी.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर फिटिंग एकदा पुन्हा आवळले. दर दिवाळीच्या आधी प्रोब बाहेर काढतो. दुसऱ्या वर्षी आवरणावर पापुद्रे दिसले म्हणून नवा घातला, जुन्याचे टोक शाबूत होते. आबांच्या डायरीत डिझेलच्या लिटरांशेजारी आता प्रत्येक फेरीचा घाटातला सर्वांत मोठा आकडा असतो, बहुतेक ५९० ते ६१०. गेल्या महिन्यात तिथे ६५५ लिहिलेले होते आणि त्यापुढे 'फिल्टर बघणे' असे. आदल्या फेरीला गाडी गेवराईजवळच्या एका जिनिंगच्या आवारात दोन दिवस उभी होती. फिल्टरचे झाकण उघडले तर कागदाच्या घड्यांवर कापसाचा पातळ, पांढरा थर बसलेला होता.